प्रतीक्षाधीन

ई-मेलची पेटी आवरत बसणं म्हणजे शिकल्यासवरल्या माणसानं कारकुनी करणं, असं मी जवळजवळ वीस वर्षं मानत होते. मानून गप्प बसले असते तर नुकसान माझ्यापुरतं राहिलं असतं, पण मी ते इतरांनाही शिकवत होते. विभागात नवं कुणी रुजू झालं आणि फोल्डर करत बसलेलं दिसलं, की मी खुर्ची ओढून शेजारी बसायची, शोधपट्टीत दोन शब्द टाकायची आणि तीन वर्षांपूर्वीचं पत्र समोर आणून दाखवायची. कशाला लावत बसता, हवं तेव्हा सापडतं, असं ठासून सांगायची. माझ्या पेटीत तेव्हा ४१ हजारांहून जास्त पत्रं होती आणि त्यांतली निम्मी मी उघडलेलीही नव्हती.

हे मत आळसातून आलेलं नव्हतं, म्हणूनच ते सुटायला इतका वेळ लागला. एम.एस्सी.ला असताना माझं खातं हॉटमेलवर होतं. तिथं त्या काळी दोन मेगाबाइट जागा मिळायची. कुणी पानाफुलांचे दोन-चार फोटो पाठवले की पेटी भरायची, आणि नवं पत्र यायला जागा हवी म्हणून जुनी पुसावी लागायची. मैत्रिणींची, मावशीची कितीतरी पत्रं मी अशी पुसली. १ एप्रिल २००४ला जीमेल आलं ते एक गिगाबाइट जागा घेऊन. तारखेमुळे पुष्कळांना ती एप्रिल फूलची थट्टा वाटली होती. निमंत्रणाशिवाय खातं मिळत नसे; मला ते एका वर्गमित्रानं दिलं. सुरुवातीच्या त्या जीमेलमध्ये पत्र पुसायचं वेगळं बटणसुद्धा नव्हतं, ती सोय एका यादीत आत दडलेली होती. काही पुसू नका, काही लावू नका, हवं ते शोधा, हा त्यामागचा विचार. मावशीची पत्रं जागेअभावी पुसलेल्या मुलीला तो किती मोठा दिलासा वाटला होता, हे आजही मला आठवतं.

पुढे या मताला मी आधारही गोळा केले. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत. गोविंद सखाराम सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतले निवडक कागद ४५ खंडांत छापले. त्या कागदांतला कोणता कामाचा आणि कोणता बिनकामाचा, हे त्या-त्या वेळच्या कारकुनानं ठरवून फाडून टाकलं असतं तर आपल्याला काय कळलं असतं, असं मी विचारायची. शिवाय २०११चा एक अभ्यास माझ्या तोंडपाठ होता. स्टीव्ह व्हिटेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३४५ जण आपली जुनी पत्रं कशी शोधतात हे पाहिलं होतं. फोल्डरमधून पत्र काढायला सरासरी ५८ सेकंद लागत, शोधपट्टीतून १७. आणि फोल्डर मन लावून करणाऱ्यांना पत्रं जास्त हमखास सापडत, असंही दिसलं नव्हतं. हा अभ्यास मी आजही खरा मानते. फक्त त्यानं ज्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं, तो माझा प्रश्न नव्हता. हे मला २०२४च्या जानेवारीत कळलं.

त्या दिवशी मी कुसळीवर एक टिपण लिहीत होते. कुसळी म्हणजे आपल्या माळरानांवरचं, कपड्यांत रुतून बसणारं गवत. एका जुन्या मोजणीचे आकडे हवे होते म्हणून मी पेटीत ‘कुसळी’ हा शब्द शोधला. आकडे सापडले. त्यांच्या वरच माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं पत्र होतं, २९ नोव्हेंबरचं, न उघडलेलं, विषयाची जागा रिकामी. ‘मॅडम, आपण कुसळी मोजली होती त्या माळावर आज जाऊन आलो,’ अशी त्याची सुरुवात होती. शेवटी लिहिलं होतं की, शिफारशीच्या पत्राची मुदत परवा संपते आहे, वेळ मिळाला तर बघावं.

तो पाथर्डी तालुक्यातला मुलगा. डोळे मिटून नुसत्या बोटांनी गवत ओळखायचा. परदेशातल्या एका विद्यापीठात पीएच.डी.साठी अर्ज करतो आहे, शिफारसपत्र द्याल का, असं त्यानं ऑक्टोबरमध्ये विचारलं होतं. ते पत्र मी क्षेत्रभेटीहून परतताना एसटीत, फोनवर वाचलं होतं आणि तिथल्या तिथं उत्तर दिलं होतं, ‘हो, नक्की देते.’ मनापासून दिलं होतं. पण वाचलेल्या पत्राची ठळक अक्षरं बारीक होतात, आणि त्याच्यावर त्या संध्याकाळपर्यंत आणखी चाळीस पत्रं येऊन बसली. शिफारसपत्र चढवायचा दुवा विद्यापीठाच्या यंत्रणेकडून आला होता तोही मला पुढे सापडला. जीमेल २०१३पासून पत्रांची वेगवेगळ्या कप्प्यांत आपोआप वाटणी करतं. त्या वाटणीत तो दुवा वीजबिल आणि बँकेच्या सूचनांच्या मधोमध जाऊन पडला होता. नोव्हेंबरात त्यानं दोनदा आठवण केली होती. दोन्ही वेळा मी परीक्षेच्या कामात होते आणि पेटी उघडून वरची दहा पत्रं पाहून बंद करत होते.

मी लगेच फोन केला. तो म्हणाला, “होतं असं मॅडम. तुम्ही कामात असता.” इतर दोघांची शिफारसपत्रं पोचली होती, माझं नव्हतं, म्हणून अर्ज अपुरा ठरला होता. आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच मला सहन झालं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज कर, मी आजच पत्र लिहून ठेवते, असं मी म्हटलं. त्यानं हो म्हटलं. घरची परिस्थिती वर्षभर थांबण्यासारखी नव्हती, हे त्यानं मला सांगितलं नाही. ते दुसऱ्याकडून कळलं. त्यानं एका बियाण्यांच्या कंपनीत नोकरी धरली होती.

त्या पत्रासाठी मी शोधपट्टीत काय टाकायला हवं होतं, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. काहीच नाही. काहीतरी राहून गेलंय हे मला ठाऊकच नव्हतं. शोधायला बसायचं तर आधी हरवल्याची जाणीव लागते, आणि मी ज्याला विसरले होते त्याची जाणीव मला कोण करून देणार? वीस वर्षं मी सहकाऱ्यांना दाखवत होते ती सगळी उदाहरणं मला आठवत असलेल्या पत्रांची होती.

बरं, आठवत असलं तरी आपल्या भाषेत हे शोधणं किती लंगडं चालतं, तेही मी इतकी वर्षं नजरेआड केलं होतं. ‘शिफारस’ शोधलं की ‘शिफारशीचं’ लिहिलेलं पत्र माझ्याकडे येत नाही, कारण विभक्ती लागताना शब्दाचं रूपच बदलतं. आमचे विद्यार्थी कधी देवनागरीत लिहितात, कधी रोमन अक्षरांत मराठी, कधी इंग्रजी. विषयाची जागा बहुतेकदा कोरी. जोडलेल्या फाइलीचं नाव ‘डॉक्युमेंट १’. अशा पत्रांतलं नेमकं एक दोन शब्दांवर हाती लागेल, या भरवशावर मी माणसांची कामं सोडली होती.

पश्चात्ताप झालेला माणूस दुसऱ्या टोकाला जातो, तशी मी गेले. मे महिन्याच्या सुट्टीत लेबलं करायला बसले. परीक्षा, प्रवेश, प्रबंध, प्रयोगशाळा खरेदी, शिफारसपत्रं, परिषदा, त्यांच्या पोटात वर्षं, वर्षांच्या पोटात माणसं. सत्तावन्न लेबलं झाली. रोज सकाळी दोन तास हेच.

त्याच सुट्टीत आबा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी पुण्यात आमच्याकडे आले होते. माझे वडील महसूल खात्यात होते. लिपिक म्हणून लागले आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. सारी नोकरी नगर जिल्ह्यात. जिल्हा आता अहिल्यानगर झाला, आमच्या घरात अजून नगरच म्हणतात. डोळ्यात थेंब, वाचायची बंदी, टीव्हीची बंदी, म्हणून ते माझ्या टेबलाशेजारी खुर्चीत बसून राहायचे. काय करतेस, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी लेबलांची यादी वाचून दाखवली. त्यांनी ती पूर्ण ऐकली.

“यातलं कुठलं काम झालंय आणि कुठलं राहिलंय, ते कुठं दिसतं?”

मी म्हटलं, लेबल उघडलं की दिसतं.

“सत्तावन्न उघडून बघणार रोज?” ते म्हणाले. “पोरी, विषयवार लावायचं ते अभिलेख कक्षात. काम झाल्यावर. टेबलावर कामाची अवस्था दिसली पाहिजे. तुझ्या त्या पोराचं पत्र शिफारसपत्रांच्या फायलीत नीट लावलं असतंस, तरी तिथं पडूनच राहिलं असतं ना?”

त्या मुलाबद्दल मी त्यांना एकदाच सांगितलं होतं. मी संगणक मिटला.

इथं मला ई-मेलच्या पलीकडचं एक कबूल करायचं आहे. लहानपणी आबांच्या कचेरीत गेले की लाल फडक्यांत बांधलेले गठ्ठे, त्यांचा धुळकट वास आणि त्या गठ्ठ्यांशी बोलल्यासारखे वावरणारे वडील मला दिसत. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अनिलकुमार लखिना नगरचे जिल्हाधिकारी होते. त्यांनी कचेरीच्या कामाची नव्यानं घडी बसवली. जुन्या अभिलेखांची निवड आणि वर्गवारी, कर्मचाऱ्यांच्या बसण्याची नवी मांडणी, अर्जाचा माग लागेल अशी व्यवस्था. ‘लखिना पॅटर्न’ म्हणून ते राज्यभर गाजलं. आबा त्या दिवसांविषयी बोलायला लागले की त्यांचा चेहरा बदलायचा. मी मात्र विज्ञानाची विद्यार्थिनी. कागद लावण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला त्यातून एवढा आनंद का व्हावा, हे मला कळत नसे. मी कधी तोंडानं बोलले नाही. पण ‘कारकुनी’ हा शब्द मी हिणवायला वापरायची तो घरात, त्यांच्यासमोर वापरायची. त्यांनी कधी दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मीच म्हटलं, आबा, तुमचे सहा गठ्ठे सांगा.

सरकारी कचेरीत काम केलेल्याला हे वेगळं सांगायला नको. लिपिकाच्या टेबलावरचे सगळे कागद सहा गठ्ठ्यांत असतात. आपल्याला ज्यावर काही करायचं आहे ती प्रकरणं पहिल्यात. आपण आपलं काम केलं, पण दुसऱ्या कुणाकडून उत्तर यायचं आहे ती दुसऱ्यात, म्हणजे प्रतीक्षाधीन. ठरावीक काळानं पाठवायची विवरणपत्रं, म्हणजे नियतकालिकं, तिसऱ्यात. वारंवार बघावे लागणारे शासनाचे स्थायी आदेश चौथ्यात. काम संपून अभिलेख कक्षात जायची प्रकरणं पाचव्यात. आणि नष्ट करायचे कागद सहाव्यात. बारनिशीतून, म्हणजे आवक शाखेतून, आलेलं प्रत्येक पत्र कार्यविवरण नोंदवहीत चढतं आणि दर आठवड्याला गोषवारा निघतो: शिल्लक किती, आलेली किती, निकाली किती, उरलेली किती.

मी सत्तावन्न लेबलं काढून टाकली. आबा डोळे मिटून बसले आणि मी एकेक पत्र वाचू लागले. प्रेषक आणि पहिली ओळ वाचली की ते गठ्ठ्याचं नाव सांगायचे. तीन दिवसांत आम्ही शेवटच्या चार महिन्यांची पत्रं संपवली. पहिला, चौथा, पाचवा यांत सांगण्यासारखं काही नाही, ते पटापट झालं. दुसऱ्या गठ्ठ्यावर मात्र मी थांबले.

प्रतीक्षाधीन हा कप्पा माझ्या डोक्यात कधी नव्हताच. पत्र पाठवलं की माझ्या लेखी ते संपत असे. उत्तर आलं तर ते नवं पत्र म्हणून वर दिसणार, न आलं तर काहीच दिसणार नाही. माझ्याकडच्या रखडलेल्या कामांतली निम्मी याच ‘काहीच दिसणार नाही’मध्ये बुडाली होती. विषारी रसायनांच्या विल्हेवाटीबद्दल मी विचारणा केली होती तिला काही महिने झाले होते. एका विद्यार्थिनीच्या शिष्यवृत्तीसाठी एका कार्यालयाला लिहिलं होतं. त्यांचं उत्तर नाही, माझं स्मरणपत्र नाही, आणि ती बिचारी मी पाठपुरावा करते आहे असं समजून थांबलेली. आता उत्तराची गरज असलेलं कुठलंही पत्र पाठवलं की मी त्याच क्षणी त्याला ‘प्रतीक्षाधीन’ लावते. ज्याला ठरावीक दिवशी आठवण करायची ते पत्र त्या तारखेला पेटीत परत वर यावं अशी सोय जीमेलमध्ये आहे, तीही वापरते. आणि ज्या पत्रांत मला कुणी काही मागितलेलं असतं, त्यांना ‘हो, देते’ एवढं उत्तर लिहून झालं तरी पहिल्या गठ्ठ्यातून हलवत नाही. आबांच्या भाषेत, पोच दिली म्हणजे प्रकरण निकाली निघत नाही.

सहाव्या गठ्ठ्यावर आमचा वाद झाला. मी पेशवे दप्तर काढलं. आबा म्हणाले, नष्ट करणं म्हणजे डोळे झाकून जाळणं नव्हे. कागद आधी वर्गात बसतो. ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ तीस वर्षं, ‘क’ काही वर्षं, ‘ड’ वर्षभर. ‘ड’ गेला नाही तर ‘अ’ सापडत नाही. “रुमाल बांधणाऱ्यांनी काय ठेवायचं ते बघूनच बांधले ना?” असं त्यांनी विचारलं. यावर माझ्याकडे अजूनही पुरं उत्तर नाही. त्यांचं सगळं पटलंय असंही नाही, कारण किती मोलाचे कागद ‘ड’ ठरून गेले असतील हे मोजायला कुणी उरत नाही. पण माझ्या ४१ हजारांतली जवळपास २६ हजार पत्रं चाळीसेक प्रेषकांकडून आलेली होती: सवलती, जाहिराती, कुणी कशाला पसंती दिली त्याच्या सूचना. त्यांच्यासाठी इतिहासाची ढाल पुढे करणं खोटं होतं. एकेका प्रेषकाचं नाव शोधून सगळी एकदम निवडली आणि काढली. इथं शोधपट्टी मनापासून कामी आली. काढलेली पत्रं तीस दिवस कचऱ्याच्या कप्प्यात राहतात, हे आबांना आवडलं. २०२४पासून गूगल आणि याहूनं घाऊक पत्रं पाठवणाऱ्यांना एका टिचकीत यादीतून नाव काढायची सोय देणं बंधनकारक केलं आहे. त्यामुळे नव्या भरतीचा ओघही थांबवता आला.

ही साफसफाई चालू असताना २००६ सालातलं, विषय नसलेलं, माझ्या भावाच्या खात्यावरून आलेलं एक पत्र समोर आलं. पुसायच्या यादीत ते निवडलं गेलं होतं. उघडलं तर ते आईचं होतं. भावानं तिला नगरच्या सायबर कॅफेत नेलं होतं आणि तिनं एकेक अक्षर हुडकत, रोमन लिपीत मराठी लिहिलं होतं. पेरूला यंदा फार पेरू आलेत, तू नाहीस, वाटून टाकते आहे. जेवतेस का वेळेवर. आई २०१४ साली गेली. त्यानंतर मी तिच्या नावानं ही पेटी किती वेळा शोधली होती! पत्रात तिचं नावच नव्हतं. खाली नुसतं ‘आई’ होतं, तेही एक अक्षर चुकलेलं.

मी ते मोठ्यानं वाचलं. आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “अ.”

आबांसारखी नोंदवही मी ठेवत नाही. रोज येणाऱ्या प्रत्येक पत्राची नोंद करत बसले तर शिकवायचं कधी? तो आग्रह त्यांनीही सोडला. पण गोषवारा सोडू दिला नाही. आता ते परत नगरला आहेत. दर सोमवारी सकाळी साडेआठला मी फोन करते आणि चार आकडे सांगते. कधी पहिल्या गठ्ठ्यात सहा असतात, कधी तीस. परीक्षेच्या दिवसांत एकदा चौसष्ट झाली होती, तेव्हा ते रागावले नाहीत. फक्त सर्वांत जुनं कधीचं आहे, असं विचारलं. तो त्यांचा ठरलेला प्रश्न आहे. आकडा कितीही असो, सर्वांत जुनं कधीचं.

प्रतीक्षाधीनमधलं सर्वांत जुनं गेले अनेक महिने एकच आहे. त्या जानेवारीत फोन झाल्यावर मी त्या मुलाला एक लांब पत्र लिहिलं होतं. सोबत शिफारसपत्र जोडलं होतं, कुठंही, कधीही वापर म्हणून. चूक कशी झाली तेही सगळं लिहिलं होतं. त्याचं उत्तर आलेलं नाही. मागच्या सोमवारी मी आबांना विचारलं, त्याला स्मरणपत्र पाठवू का.

“नको,” ते म्हणाले. “त्याच्यावर कसली मुदत नाही. तू मात्र काढू नकोस तिथून.”